यादवचा दहावा रामकुंडावर

हे लिहिणार नव्हतो. खरं सांगतो, दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. ही गोष्ट आमच्याकडे जो तो सांगतो, आणि जो तो पहिली तीन गावं गाळून थेट चौथ्या गावापासून सुरुवात करतो. चौथ्या गावापासून बहिरू शूर आहे. पहिल्या तीन गावांत तो काय होता, ते कुणालाच नको असतं. मला ती तीन गावं गाळता येईनात. धरून लिहिलं तर घरचीच माणसं तोंड फिरवतील. फिरवू देत. ऐका.

बेटखेडं हे गोदावरीकाठचं गाव, सायखेड्याच्या जरा अलीकडे, नाशकापासून पायी आठ कोस. गावाला दोन गोष्टींचा गर्व होता. एक गावचा गहू, दुसरा खंडेराव पाटील. गहू खरंच चांगला होता.

खंडेराव पोलीस पाटीलही होता. म्हणजे गावात गुन्हा झाला तर सरकारला कळवायचं काम त्याचं. म्हणून गावात गुन्हा कधी होतच नसे. मिशी मोठी, आवाज मोठा, आणि आपण फार हुशार आहोत ही समजूत त्या दोन्हीपेक्षा मोठी.

बहिरू गावचा येसकर. महारवाड्यातला तिशीतला माणूस. वेशीची राखण, सरकारी कागद पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, आणि गावात कुणी मेलं की मरणाचा सांगावा घेऊन सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी पळणं, ही त्याची कामं. त्यातलं शेवटचं तो फार झकास करायचा. पायाला वेग होता आणि गळ्याला धार होती. सांगाव्याची रीत ठरलेली. अंगणाबाहेर उभं राहायचं, काठी आपटायची आणि एका दमात सांगायचं, कोण गेलं, कधी गेलं, कशानं गेलं आणि दहावा कुठं. बाराव्या वर्षापासून तो हेच सांगत आला होता. पाटलांचे, देशमुखांचे, कुळकर्ण्यांचे जेवढे मेले, ते सगळे पंचक्रोशीसाठी बहिरूच्या तोंडूनच मेले. आणि ज्यांच्या घरात चार दाणे होते त्या सगळ्यांचा दहावा नाशकात, रामकुंडावर. त्यामुळे सांगाव्याचं शेपूट कायम एकच, "दहावा रामकुंडावर हाय, याया पायजे."

स्वतः बहिरूनं रामकुंड पाहिलं होतं ते लांबून, रस्त्यावरून. पायरीवर पाय ठेवायची आमच्या माणसांना सोय नव्हती. लोकांना मात्र तो वर्षानुवर्षं तिथं बोलावत होता.

ही गोष्ट एकतीस सालच्या मार्गशीर्षातली. नाशकात काळारामाच्या दारापुढं आमची माणसं सत्याग्रहाला बसायची, त्याला पावणेदोन वर्षं होत आली होती. दार उघडा, आम्हालाही दर्शन घेऊ द्या, एवढंच म्हणणं. पहिल्यांदा हजारोंनी गेले. पण सत्याग्रहानं भाकर मिळत नाही आणि सुगी थांबत नाही. त्या थंडीत दारापुढं रोज चाळीस माणसं बसली तरी पुष्कळ झालं म्हणायचे. दार अडवणारे खुशीत होते. अजून महिनाभर कळ काढली की हे आपोआप विझतंय, असा त्यांचा हिशोब. तो चुकीचा होता असंही नाही.

बहिरूच्या शेजारचा यादव त्या चाळिसांत दोन महिने बसून आला. गावात आला त्याच सकाळी, मंगळवारी, तो खळ्यावरून चालला होता. खळ्यावर बाजरीची मळणी चाललेली. खंडेराव, त्याचा पुतण्या, पाच गडी, आणि कडेला राखणीला बसलेला बहिरू.

आमच्या माणसानं पाटील दिसला की कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं, अशी पद्धत. 'राम राम' हा बरोबरीच्यांचा. यादव थांबला. वाकला नाही.

"राम राम, पाटील."

बैल फिरत राहिले, माणसं थांबली.

"काय म्हनला रं?" खंडेराव म्हणाला.

"राम राम म्हनलो."

"आन् जोहार कुठं गेला तुजा?"

"नाशकातच ऱ्हायला बगा. दोन म्हयने रामाच्या दारात बसलो. दर्शन कुनी दिलं नाय, मंग नाव तेवढं घेऊन आलो."

गड्यांतला एक जण फिस्सकन हसला. त्या हसण्यानं घात केला. खंडेरावला शिवी पचली असती, गड्याचं हसू पचलं नाही.

"परत म्हन."

"राम राम."

मग पुतण्यानं काठी उचलली. मग दोन गड्यांनी, त्यातला एक तो हसणाराच. हसल्याची भरपाई त्यानं दुप्पट जोरानं केली. बहिरू अर्धा उठला होता. खंडेरावनं मान न वळवता म्हटलं, "बह्या, बस."

बहिरू बसला.

हेच ते. बस म्हटलं आणि तो बसला. सगळं होईपर्यंत बसून राहिला. यादव चार वेळा ओरडला, पाचव्यांदा नाही.

रामाचं नाव घेतलं म्हणून माणूस मारला. आणि मारणारे कोण, तर रामभक्त. बेटखेड्यात रामाचं देऊळ आहे, खंडेरावच्या आज्यानं बांधलेलं. दर नवमीला हीच मंडळी तिथं पाळणा हलवायला धक्काबुक्की करायची.

खंडेरावनं कागद केला, साप चावला. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून जमादार आला. पाटलाच्या ओट्यावर दूध प्याला, प्रेत वीस हातांवरून बघितलं, कारण जवळ गेला असता तर घरी जाऊन अंघोळ करावी लागली असती, आणि कागदावर सही केली. डोक्यावर, पाठीवर आणि दोन्ही हातांवर चावणारा साप. तोही मार्गशीर्षाच्या कडाक्यात, जेव्हा गावातला एकही साप बिळाबाहेर डोकं काढत नव्हता. जमादाराला काही खटकलं नाही. दूध आटवलेलं होतं.

यादवला त्याच दुपारी नदीकाठी पुरलं.

एवढ्यावर मिटलं असतं. असे कितीतरी मिटलेत, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. पण खंडेराव हुशार होता ना. त्यानं बहिरूला बोलावून घेतलं.

"बह्या, उद्या उजाडताच निघ. नदीच्या दोन्ही अंगाला वीस गावं कर. फकस्त म्हारवाड्यात जायाचं. सांगायचं, बेटखेड्याचा यादव गेला. नाशकात देव बाटवाया गेला व्हता, रामानंच सापाच्या रूपानं धरला. जो जाईल त्याचं ह्येच. म्हन बरं."

बहिरूनं म्हणून दाखवलं.

"लय ब्येस! तुज्या तोंडून आलं का खरं वाटतं लोकान्ला."

आता मला सांगा, आपणच केलेल्या खुनाची बातमी वीस गावांना कळवणारा शहाणा कुणी पाहिलाय का? तीही मेलेल्याच्याच भाऊबंदाच्या पायांनी? पण खंडेरावच्या लेखी बहिरूला पाय होते, गळा होता, आत आणखी काही असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बैलाच्या मनात काय चाललंय हे कोण विचारतो?

गुरुवारी पहाट फुटायला बहिरू निघाला, तर यादवची बायको मालनबाई दारात बसलेली.

"सांगावा घेऊन निघाला म्हनं," ती म्हणाली. "आमच्यातल्याचा सांगावा गावानं पयल्यांदाच धाडला. लय मान झाला."

"वैनी..."

"तू खळ्यावर व्हता ना रं?"

बहिरूनं मुंडासं सारखं केलं आणि चालू लागला. तिला काय हवं होतं ते त्याला कळलं होतं. पाहिलंस ते सांग, एवढंच. पण सांगितलं तर येसकरकी जाणार, घर जाणार, कदाचित तोही नदीकाठी जाणार. आणि दुसरंही एक होतं, ते तो स्वतःशीसुद्धा बोलत नव्हता.

पहिल्या गावात त्यानं काठी आपटली आणि पाटलानं पढवलं ते सांगितलं. बायका हातातलं काम सोडून ऐकत राहिल्या. एकीनं पाणी दिलं.

दुसऱ्या गावात एक म्हातारा म्हणाला, "साप? ह्या थंडीत?" बहिरूनं जमिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय बाबा, सापच."

तिसऱ्या गावात त्यानं सगळ्यात चांगलं सांगितलं. गळा मोकळा झाला होता, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा ते बसलं होतं. 'रामानंच धरला' इथं तर त्यानं हात असा वर केला की दोन बाया मटकन खालीच बसल्या. त्या गावातले दोघे भाऊ दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाला निघणार होते, घोंगडी बांधून तयार होती. सांगावा ऐकला आणि थोरल्यानं मुकाट घोंगडी सोडली. बहिरूनं ते डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढच्या गावाची वाट धरली.

ही ती तीन गावं.

चौथं गाव दारणेच्या संगमावरचं. तिथला येसकर मंगळू हा बहिरूचा जिवाभावाचा दोस्त. दोघांनी मिळून निम्म्या जिल्ह्याची मरणं वाहिली होती. एक अलीकडची गावं घ्यायचा, दुसरा पलीकडची, आणि मध्ये कुठंतरी बाभळीखाली बसून तंबाखू मळत कोण किती रडलं याच्या नकला करायचे. मंगळूची आई कुसाबाई अंगणात बाजरी पाखडत होती. बहिरू आला, पण नेहमीसारखा आत न येता अंगणाबाहेरच थांबला, तेव्हाच तिनं सूप खाली ठेवलं.

काठी आपटली. "बेटखेड्याचा यादव गेला. नाशकात देव बाटवाया गेला व्हता, रामानंच सापाच्या रूपानं धरला. जो जाईल त्याचं ह्येच. दहावा रामकुंडावर हाय, याया पायजे."

आणि थांबला.

शेवटचं ते कुणी पढवलं नव्हतं. अठरा वर्षांची जीभ, उताराला लागलेल्या गाडीसारखी आपोआप पुढं गेली. पहिल्या तीन गावांत तो पाटलाच्या शेवटच्या शब्दाशी जपून थांबला होता. चौथ्यात सराव झाला आणि सरावानं दगा दिला. महाराचा दहावा, आणि रामकुंडावर! मंगळूनं आ वासला. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली.

बहिरू 'चुकलं मामी' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात कुसाबाईनं विचारलं, "कवा?"

अगदी सरळ विचारलं. देशमुखाच्या घरचं मरण असावं तसं.

"आं?"

"दहावा कवा हाय? आज बेस्तरवार."

बहिरूनं बोटं मोजली. काय करणार, विचारलं की मोजायची सवय. "पुढल्या बेस्तरवारी."

"बरं. येतो आमी." तिनं सूप परत उचललं. मग म्हणाली, "आन् साप कसला रं?"

"मामी, मला सांगितलं तेवढं सांगतो मी."

"दहावा कुनी सांगितला?"

बहिरूनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कुनी नाय ना? मंग तुज्या सांगाव्यात तेवढंच खरं हाय बाबा. बाकी समदं पाटलाचं."

मंगळूनं कोपऱ्यातली आपली काठी घेतली. "पुढली पाच गावं माजी," तो म्हणाला. "तू पल्याडची कर. आन् ऐक बह्या, साप बिप काय सांगू नको. लोक हसतील आपल्याला."

बहिरू पलीकडची गावं करायच्या आधी उलटा फिरला आणि मागची तिन्ही पुन्हा केली. तिथं फक्त एवढंच सांगितलं, दहावा रामकुंडावर. कसा मेला कुणी विचारलं तर खाली बघायचा. लोक त्याचं खाली बघणं बघायचे आणि समजायचे. पण तोंडानं तो बोलला नाही. हेही लिहून ठेवतो.

मग त्या सांगाव्याला कुणाची गरजच उरली नाही. प्रत्येक गावाला येसकर आहे, आणि मरणाचा सांगावा आला की पुढं न्यायचा हे प्रत्येकाच्या हाडात आहे. ज्या वाटांनी आम्ही पिढ्यान् पिढ्या त्यांच्या बापांची मरणं वाहिली, त्याच वाटांनी यादव निघाला. शनिवारी दिंडोरीला पोचला. सोमवारी कळवणला. अर्ध्या वाटेत सापाचं शेपूट गळून पडलं आणि राम रामाची गोष्ट चिकटली. खळ्यावरल्याच कुणा गड्याच्या बायकोनं ती नदीवर सांगितली असणार.

खंडेरावला पत्ता लागला सोमवारी, तोही व्याह्याकडून. व्याही बैलगाडीतून उतरला तो तणतणतच.

"पाटील, तुमच्या म्हाराचा दहावा रामकुंडावर हाय म्हनं. आमच्या गावचे समदे चाललेत. आमची मळनी काय तुमी येऊन करनार?"

खंडेरावनं बहिरूला ओट्याखाली उभं केलं. "काय सांगितलं रं तू?"

"तुमी सांगितलं तेच, पाटील. शेवटाला दहावा लागतो, तो सवयीनं आला."

आणि गंमत बघा, खंडेरावला हे पटलं! बहिरू मुद्दाम काही करेल हे त्याला खरंच वाटत नव्हतं. "गाढवा!" तो ओरडला. "जा, परत फिर. समद्या गावांत सांग, दहावा नाय. नाय गेला तर येसकरकी काढून घेतो आन् घराचं छप्पर उतरवतो. आन् खळ्यावर तूबी व्हता, ध्यानात ठेव."

बहिरू गेला. गेलाच. संगमावर जाऊन अंगणाबाहेर उभा राहिला, काठी आपटली आणि म्हणाला, "खंडेराव पाटलानं सांगाया लावलंय, दहावा नाय."

कुसाबाईनं विचारलं, "पाटील यादवाचा कोन लागतो?"

"कुनी नाय."

"दहावा मोडायचा तर घरचं मानूस लागतं. मालन काय म्हनती?"

"मालनवैनी काय नाय म्हनली."

"मंग?"

बहिरूनं घाम पुसला. कुठलं छप्पर कुणाच्या हातात आहे ते त्याला दिसत होतं. पोरंबाळं दिसत होती.

"मंग दहावा हाय," तो म्हणाला.

पुढच्या गावांत त्यानं तेच केलं. पाटील नाही म्हणतो, घरची नाही म्हणत नाहीत. निरोप अक्षरशः पोचवला, खंडेरावला तक्रार करायला जागा नव्हती.

गुरुवारी सकाळी पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी पाच हजार सांगतात, कुणी दहा. मी तीन धरतो, तेवढ्यानंही घाटावरच्यांचे चेहरे पांढरे पडले होते. घाटाच्या वरच पोलिसांनी दोर लावला होता. एक अंमलदार घोड्यावरून हुकूम वाचत होता, घोषणा द्यायच्या नाहीत, पायऱ्या उतरायच्या नाहीत. त्याच्या मागं काही धर्मरक्षक, लाठ्या घेऊन, पोटं सांभाळत. पाणी बाटेल म्हणून त्यांना रात्रभर झोप नव्हती म्हणे. त्याच वेळी खाली जरा पुढं एक जण टांग्याचा घोडा धूत होता. घोड्याची जात कुणी विचारली नाही.

शहरातले एक सुधारक गृहस्थही आले होते, उपरण्याची घडी न मोडता. "बंधूंनो, धीर धरा. आम्ही लोकमत तयार करतो आहोत," म्हणाले. एका बाईनं विचारलं, "तयार कवा होनार? भाकरी तरी लवकर होती." ते दुसरीकडं कुणाला तरी भेटायला गेले.

आता दहावा म्हटला की मुंडण आलं. घाटावरच्या न्हाव्यांनी हे लोंढे बघितले आणि पेट्या उचलून चालते झाले. मालनबाई दोराशी उभी. यादवला ना पोरगा ना भाऊ. डोकं कुणी करून घ्यायचं आणि करणार कोण, यावर सगळं अडलं. पोलिसांना वाटलं, आता हे कंटाळून घरी जातील.

तेवढ्यात गर्दीतून निसार आला, भद्रकालीतला हजाम. काळी पेटी काखेत, मान वाकडी करून बघतोय. "अरे क्या हुआ? मुंडण ना? डोकं कोनाचंबी असो, केस तो केसच. बैठो कोई."

कुणी हलेना. मग बहिरू पुढं झाला आणि भर रस्त्यात, पोलिसांच्या दोरासमोर बसला. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. निसारनं पाणी लावलं.

"मयत तुम्हारा कोन था?"

"शेजारी व्हता."

"अच्छा. शेजाऱ्यासाठी कोन करतंय आजकाल," असं म्हणून निसारनं वस्तरा चालवला.

बहिरूनंतर मंगळू बसला. मग तिसऱ्या गावचे ते दोघे भाऊ, धाकटा आधी. मग रांगच लागली. दुपारपर्यंत निसारचे तिन्ही वस्तरे बोथट झाले, त्यानं मोहल्ल्यातून आणखी दोघांना बोलावलं. तरी पुरेना म्हणून लोक एकमेकांची डोकी करायला लागले, कापत, रक्त काढत, हसत. अंमलदार घोड्यावरून खाली उतरला.

"हे काय चाललंय?"

"केस काढतोय साहेब," मंगळू म्हणाला.

"एवढे जण?"

"घरात मयत झालंय."

"कुणाच्या घरात?"

मंगळूनं मागं बघितलं, पुढं बघितलं. "तुमीच मोजा साहेब, आमाला येत नाय."

घोषणा देऊ नका, असा हुकूम होता. पायऱ्या उतरू नका, असा होता. डोकं करू नका, असा हुकूम कुणाच्या बापानं काढला नव्हता. अंमलदारानं कागद उलटसुलट करून बघितला. तीनशे तुळतुळीत टाळकी उन्हात चमकत बसली होती, आणि तोंडातून एक शब्द नाही.

रामकुंडाच्या पाण्याला त्या दिवशी कुणाचाही हात लागला नाही. ते मी खोटं लिहिणार नाही. दोर तसाच राहिला. पण संध्याकाळी बरेचजण घरी गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काळारामाच्या दारापुढं चाळीसच्या जागी चारशे बसले, त्यातले निम्मे बोडके. जी गावं कधी फिरकली नव्हती, त्यांनी माणसं धाडली. सत्याग्रहाच्या छावणीत नावं लिहून घेणाऱ्याची बोटं शाईनं काळी झाली. महिनाभरात विझणार होतं ना? दार अडवणाऱ्यांनी आतून दुसरा अडसर घातला. चाळीस जणांना जे जमलं नाही ते खंडेरावच्या अकलेनं आठ दिवसांत करून दाखवलं. त्याचा कुणी सत्कार केला नाही, हे मात्र वाईट झालं.

बेटखेड्यात बहिरूच्या घराचं छप्पर उतरवलं. बायको-पोरं कुसाबाईनं संगमावर नेली. मग महारवाड्यानं काम टाकलं. चावडीजवळ एक बैल मेला, तो ओढायला कुणी गेलं नाही. ज्यांनी माणूस मारताना हात मागं घेतला नव्हता, त्यांना मेल्या बैलाला हात लावायचा विटाळ! चार दिवसांत गावाला स्वतःचा वास यायला लागला.

एवढा बोभाटा झाल्यावर सरकारला उगीचच वाटलं की परत चौकशी करावी. पंधरा दिवसांनी एक नवा साहेब नेमला. साहेबाला साक्षीदार पाहिजे. मारणारे तीन आणि मारू देणारा पाटील सोडला, तर खळ्यावर आणखी तीन गडी होते. तिघांनीही शपथेवर सांगितलं, आम्ही त्या दिवशी खळ्यावर नव्हतोच. बाजरी बहुतेक आपापली मळून निघाली असावी.

उरला बहिरू.

शुक्रवारी दुपारी छावणीच्या मांडवाबाहेर दोघे दोस्त उन्हाला बसले होते. डोक्यांवर खुंट उगवले होते. मंगळू तळहातानं आपलं डोकं चोळत होता.

"सोमवारी साहेब बसनार," मंगळू म्हणाला. "नाव गेलंय तुजं."

"ठावं हाय."

"भ्या वाटतं?"

"कशाचं? छप्पर गेलं, येसकरकी गेली. आता काय काढून घेनार, धोतर?"

मंगळू हसला. मग हसायचा थांबला, कारण बहिरू हसत नव्हता.

"मंग काय हाय?"

बहिरू बराच वेळ मातीत काडीनं रेघा मारत राहिला.

"मंगळ्या, नावं घ्यायला मी भीत नाय. पन साहेब पुसंल, तू कुठं व्हता? मी सांगनार, खळ्यावर. साहेब पुसंल, मंग तू काय केलं?" त्यानं काडी मोडली. "मी बसलो व्हतो रं. पाटील म्हनला बस, आन् मी बसलो. शेवटपत्तूर बसलो. त्यो चार डाव वरडला. हितं माजं नाव घेऊन लोक पाया पडत्यात. पयलं डोकं बहिरूनं केलं म्हनत्यात. त्यान्ला काय सांगू?"

मंगळूनं त्याच्याकडं बघितलं. राग नाही, दयाही नाही.

"ह्येच सांग."

"समदी गावं ऐकतील."

"ऐकू दे की. कोन उभं व्हतं रं आपल्यातलं? माजा बाप जलमभर बसला. मीबी परवापत्तूर बसूनच व्हतो. तू बसलो म्हनून सांगितलं, तर दुसऱ्याला उठाया बरं पडंल. देव झाला तर कुनाच्या कामाचा तू? पाया पडून घरी जात्याल लोक." तो जरा थांबला. "आन् साक्षीत हे लपवलं, तर पाटलाचा वकील काडीनं उकरून काडंल. तवा मातर तोंड दाखवाया जागा ऱ्हानार नाय."

मांडवात कुणीतरी नावं पुकारत होतं. उद्या दारापुढं बसायला जाणाऱ्यांची. लांबलचक यादी होती. बहिरू यादी संपेपर्यंत तिकडं ऐकत राहिला.

"तू येशील सोमवारी?" बहिरूनं विचारलं.

"दारात उभा ऱ्हातो. आत घेतलं तर आत."

"मंग ऐक. सबूद देतो तुला." बहिरूचा आवाज सांगाव्याचा नव्हता, कोरडा आणि बारीक होता. "पुतन्याचं नाव घेतो, त्या दोघांचं घेतो, खंडेरावाचं घेतो. पन त्याच्या आदी, साहेबानं पुसायच्या आदी, मी सांगतो का मी तितं बसलो व्हतो आन् उठलो नाय. मंगळ्या, पयलं तेच सांगतो."